आरोपीचं हसू

माणसाचं तोंड एकदा बघितलं की त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला कळतं, असं आमचे दातवाले छातीठोकपणे सांगत. छातीठोकपणे म्हणजे खरोखरच छातीवर हात ठोकून! त्या हाताला बहुतेक वेळा गुलाबी मेण लागलेलं असे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर एक गुलाबी डाग होता आणि तो कुठल्याही साबणाने जात नसे.

दातवाले डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांनी स्वतः ते सांगायला फार उशीर केला. ते कवळ्या बनवत. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचं, डबीत घालून यांच्या लॅबमध्ये पाठवायचं, यांनी त्यावर दात बसवून डबी परत पाठवायची. पेशंट यांना दिसत नसे आणि पेशंटला हे दिसत नसत. डबीबरोबर एक कार्ड यायचं. त्यावर नंबर, वय आणि पुरुष की बाई, एवढंच. बावीस वर्षांत त्यांनी हजारो तोंडं भरली, पण त्यातलं एकही तोंड त्यांच्याशी कधी दोन शब्द बोललं नव्हतं.

काम मात्र नाव ठेवायला जागा नाही असं. वरच्या पुढच्या सहा दातांपैकी डावीकडचा शेवटून दुसरा दात ते नेहमी केसभर आत वळवून बसवत. सगळे दात कवायतीला उभे राहिल्यासारखे सरळ दिसले की कवळी लगेच ओळखू येते, असं त्यांचं म्हणणं. हा वळवलेला दात म्हणजे त्यांची सही होती. ती सही वाचता येणारा माणूस जगात एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

अशा या कसबी माणसाला एका ग्रुपने पार वेडं केलं.

झालं होतं असं, की लिफ्ट दुरुस्तीचा धंदा करणारे दोन भागीदार होते. त्यातला एक सातव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेला आणि दुसऱ्याला पोलिसांनी धरून नेलं. ढकललं, असा आरोप. खटला सुरू व्हायला आठ महिने होते, पण लोकांना कुठला धीर? त्यांनी फोनवर 'न्यायाचा पहारा' नावाचा ग्रुप काढला आणि बघता बघता त्यात अकरा हजार माणसं जमली. ग्रुपच्या अ‍ॅडमिन होत्या एक निवृत्त हेडबाई. त्यांनी शाळेची सवय सोडली नव्हती. जो सदस्य चांगलं काम करील त्याच्या नावापुढे त्या बिरुद लावत. फिजिक्सचे एक सर होते, त्यांनी सातव्या मजल्यावरून माणूस किती सेकंदांत खाली येतो याचं गणित मांडलं. ते झाले 'पतनतज्ज्ञ'. रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंना चिखलातल्या पावलांवरून माणूस ओळखता येत असे. त्या झाल्या 'पाऊलतज्ज्ञ'. विमा कचेरीतला एक कारकून घड्याळ लावून सगळ्यांच्या जबान्या तपासत होता. तो झाला 'वेळतज्ज्ञ'.

आणि आमचे दातवाले? नुसते 'सदस्य'!

पडून मेलेल्या माणसाच्या प्रकरणात दातांचं काय काम निघणार? त्यांनी एकदा भीत भीत विचारलं होतं, की मयताचे दात शाबूत होते का. त्यावर सात जणांनी त्यांना फैलावर घेतलं आणि हेडबाईंनी 'विषयाला धरून लिहावे' अशी समज दिली. आठ महिने बिचारे आतल्या आत कुढत होते.

"अहो, ते बिरुद मिळून होणार काय?" त्यांची बायको विचारायची. ती पोस्टात खिडकीवर बसत असे आणि दिवसभर लोकांचे पत्ते तपासून तिला प्रत्येक गोष्टीचा पत्ता विचारायची सवय लागली होती.

"तुला नाही कळायचं. समाजासाठी काहीतरी करावं लागतं."

"समाजाने सांगितलंय का करायला?"

 दातवाले फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

खटला सोमवारी उभा राहणार होता. आदल्या आठवड्यात हेडबाईंनी ग्रुपवर विचारलं, की पहिल्या दिवसाची मार्गदर्शिका कोण लिहून देईल. कोर्टात कुणाकडे बघावं, काय टिपावं, आरोपीच्या चेहऱ्यावरून काय ओळखावं. दातवाल्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. अशी संधी आठ महिन्यांत आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते मार्गदर्शिका लिहायला बसले आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरीणबाईंकडून डबी आली. या बाई म्हणजे त्यांच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक, कामात काटेकोर. कार्डावर लिहिलं होतं, पुरुष, वय एक्कावन्न, वरची पूर्ण कवळी, तातडीचं काम, सोमवारी सकाळी घालायची, शनिवारी मेणावर ट्रायल. मेणावर ट्रायल म्हणजे दात आधी मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघायचे. काही चुकलं असेल तर तिथेच सापडतं. शिवाय बाईंनी मापाबरोबरच्या मेणाच्या कड्यावर, म्हणजे दातांच्या जागी येणाऱ्या पट्टीवर, सुईने एक रेघ ओढून दिली होती. ओठ मिटल्यावर इथे येतो, दात याच्या फार खाली उतरवू नका, असा त्या रेघेचा अर्थ. लॅबमध्ये नवा लागलेला माणूससुद्धा आधी ती रेघ बघतो.

दातवाल्यांच्या उजव्या हातात मेणाची सुरी होती आणि डाव्या हातात फोन. एक ओळ लिहायची, एक दात बसवायचा. मार्गदर्शिकेचा दुसरा परिच्छेद चालू होता, 'आरोपीचा चेहरा कसा वाचावा'. 'या माणसाच्या मनात पश्चात्तापाचा लवलेशही नाही,' या वाक्याला मधले दोन दात बसले. 'अशांना दयामाया दाखवू नये,' इथे सुळे बसले. रेघ होती तिथेच होती. तिच्याकडे बघायला डोळे रिकामे नव्हते.

शनिवार उजाडला तरी मार्गदर्शिकेचे दोन परिच्छेद बाकी. दातवाल्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, ट्रायलचं राहू द्या. बावीस वर्षांचा हात आहे माझा. पक्की करूनच पाठवतो."

"बघा हं. पेशंटला पुन्हा बोलवणं मलाही अवघडच आहे, परवानग्या काढाव्या लागतात. पण तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के."

परवानग्या कसल्या, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना समारोप सुचला होता.

सोमवारी साडेदहा वाजता पोलिसांची गाडी कोर्टाच्या दारात थांबली आणि अकरा हजार लोकांनी आपापल्या फोनवर आरोपीला उतरताना पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मध्यम उंचीचा, थोडा वाकलेला माणूस. तो पायरीवर अडखळला, सावरला, कॅमेऱ्याकडे वळला आणि हसला. हसला म्हणजे कसा, तर वरचे सगळे दात काढून! हसतच पायऱ्या चढला, हसतच दारातून आत गेला. मयताची बहीण दाराशी उभी होती. तिच्याकडे बघून त्याने मान खाली घातली, तीसुद्धा हसत.

ग्रुपवर एकच हलकल्लोळ उडाला. आणि हेडबाईंनी विचारलं, "या हसण्याचा अर्थ सांगू शकेल असं कुणी आपल्यात आहे का?"

दातवाल्यांनी पॉलिशचं मशीन बंद केलं. हात पुसले, पण घाईत शर्टालाच. मग त्यांनी लिहिलं, "मी बावीस वर्षं दातांच्या क्षेत्रात आहे. हजारो तोंडं जवळून पाहिली. भीतीने माणूस हसतो तेव्हा ते हसू ओठांच्या कोपऱ्यात असतं. हे हसू दातांत आहे. हे समाधानाचं हसू आहे. हा माणूस मजेत आहे."

अर्ध्या तासात तीन हजार लोकांनी त्यावर अंगठा उमटवला. "डॉक्टर, फार मोलाची माहिती," असं हेडबाईंनी लिहिलं. 'मी डॉक्टर नाही' एवढं दातवाल्यांनी लिहिलं होतं, नाही असं नाही, पण मग वाटलं की एवढ्या गंभीर प्रसंगी लोकांना बारीकसारीक तपशिलात कशाला घालायचं. त्यांनी ते पुसलं. पुसून होतंय तोवर त्यांच्या नावापुढे 'मुखतज्ज्ञ' असं लागलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, त्या तातडीच्या कवळीचा पेशंट म्हणतोय, तोंड मिटत नाही. सकाळी घातली तेव्हा मलाही दात लांब वाटले, पण त्यांना घेऊन जायची घाई होती."

"सवय होईल," दातवाले म्हणाले. त्यांचा एक डोळा अंगठ्यांवर होता. "नवीन कवळीला सगळे असंच म्हणतात. आठ दिवसांनी तेच म्हणतील, काढवत नाही."

"मिटतच नाही म्हणतोय हो."

"सवय होईल, बाई."

मंगळवारी वेळतज्ज्ञ रजा काढून कोर्टात जाऊन बसला. संध्याकाळी त्याने अहवाल दिला, की आरोपी एकूण चार तास अठरा मिनिटं हसला. मध्ये एकदाही थांबला नाही. पतनतज्ज्ञांनी लिहिलं, की मनुष्यप्राणी इतका वेळ सलग हसू शकत नाही, तोंडाचे स्नायू दमतात, सबब हा निर्लज्जपणा जगाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. अकरा हजार माणसं होती बघा, त्यात दोन प्राध्यापक होते, एक निवृत्त फौजदार होता. पण मनुष्यप्राणी इतका वेळ हसू शकत नसेल तर तो बहुधा हसत नसावा, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मुखतज्ज्ञांच्या तर मुळीच नाही.

न्यायाधीशबाईंनीही त्या दिवशी आरोपीला समज दिली, की हे न्यायालय आहे, चेहऱ्यावर संयम ठेवा. तेव्हापासून आरोपी तोंडावर हात धरून बसू लागला. "हसू लपवतोय," असा मुखतज्ज्ञांनी तात्काळ निर्वाळा दिला. त्याला चार हजार अंगठे पडले.

बुधवारी दुपारी दातवाल्यांना ग्रुपवरून एक खाजगी निरोप आला. मयताच्या बहिणीचा.

"मी त्याची धाकटी बहीण. तुमचं लिहिणं वाचलं. परवा तो माणूस माझ्याकडे बघून हसला, तेव्हा मला वाटलं की मलाच भास होतोय. वकील म्हणाले लक्ष देऊ नका. पण डॉक्टर, तुम्ही लिहिलंत म्हणून माझी खात्री झाली. तो मजेत आहे. आता डोळे मिटले की मला भाऊ दिसत नाही, ते दात दिसतात. तरी पण खरं सांगितल्याबद्दल आभार."

दातवाल्यांनी तो निरोप बायकोला अभिमानाने वाचून दाखवला. ती हातातला डबा पुसता पुसता थांबली.

"तिला तुम्ही डॉक्टर वाटता?"

"ते महत्त्वाचं नाही गं."

"आणि तिला भाऊ दिसेनासा झालाय, हे वाचलंत ना तुम्ही?"

दातवाल्यांनी वाचलं होतं, पण शेवटच्या आभारापर्यंत पोचायच्या घाईत ते तिथे थांबले नव्हते. ते पुन्हा वाचलं तेव्हा त्यांना जरा कसंसंच झालं. पण बहीणच म्हणते आहे, खात्री झाली म्हणून, मग आपलं काय चुकलं, असं म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं.

गुरुवारी एका वर्तमानपत्राने आरोपीचा जवळून काढलेला मोठा फोटो छापला. तोंडावरचा हात क्षणभर खाली आला होता आणि फोटोग्राफरने तेवढ्यात डाव साधला होता. हेडबाईंनी फर्मावलं, की मुखतज्ज्ञांनी या फोटोचं दातागणिक विश्लेषण संध्याकाळपर्यंत द्यावं. दातवाल्यांनी लॅबचा दरवाजा लावला, फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि वाढवत नेला. आधी चेहरा, मग तोंड, मग वरचे सहा दात.

डावीकडचा शेवटून दुसरा दात केसभर आत वळलेला होता.

दातवाल्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. दात तसाच. त्यांनी उठून पाण्याचा पेला प्यायला, खिडकी उघडली, लावली, आणि परत येऊन बघितलं. स्वतःची सही माणूस किती वेळ नाकारणार? मग त्यांनी कपाटातून शुक्रवारचा साचा काढला. कामं झाली तरी साचे ते महिनाभर ठेवत. मेणाचं कडं वितळून गेलं होतं, पण बाईंची रेघ त्यांनी कार्डावर मापाने उतरवून ठेवलेली होती, कारण हात सवयीने काम करत होता, गायब होतं ते फक्त डोकं. त्यांनी फोटोशी ताडून मोजलं. दात रेघेच्या चार मिलिमीटर खाली होते. चार मिलिमीटर म्हणजे तुम्हाला किरकोळ वाटेल. टेबलाचा पाय चार मिलिमीटरने लांब झाला तर टेबल थोडं डुगडुगतं. वरचे दात चार मिलिमीटरने लांब झाले तर माणूस जन्मभर हसतो.

त्या माणसाला हसू येत नव्हतं. त्याला तोंड मिटता येत नव्हतं.

दातवाले खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. आपण त्याला दयामाया दाखवू नका म्हणून लिहिता लिहिता त्याचे दात बसवले, मग ते दात बघून तो मजेत आहे म्हणून लिहिलं, आणि त्याने तोंड झाकलं तर तेही गुन्ह्यात धरलं. आणि ती बहीण. त्यांना इतकी लाज वाटली, की खोलीत कुणी नसताना त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

शुक्रवारी ते कामावर गेले नाहीत. शनिवारीही नाही. डोकं दुखतंय म्हणाले. रविवारी सकाळी बायकोने समोर चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली.

"काय झालंय ते सांगा. तुमचं डोकं कधी दुखत नाही, आमचं दुखतं."

त्यांनी सांगितलं. सगळं, अगदी कुठल्या वाक्याला कुठला दात बसला ते. तिने चहाचा कप बाजूला सारला.

"तो मजेत आहे, हे अकरा हजार लोकांना सांगायला तुम्हाला किती वेळ लागला होता?"

"चार मिनिटं."

"आणि तो हसत नाहीये, हे एका माणसाला सांगायला तीन दिवस."

 दातवाल्यांनी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं. आपण डॉक्टर नाही, कवळ्या बनवतो. ती कवळी आपणच बनवली, ती चुकली आहे, आरोपी हसत नाही, त्याचं तोंड मिटत नाही, आपण चुकीचं लिहिलं, क्षमा असावी. लिहून त्यांना हलकं वाटलं. ते हलकेपण दीड मिनिट टिकलं.

"अकाउंट कुणीतरी चोरलंय," पहिला म्हणाला. "डॉक्टरांना आरोपीच्या माणसांनी फोडलंय," दुसरा म्हणाला. "तरी मला वाटतच होतं," पाऊलतज्ज्ञ म्हणाल्या, आणि मग सगळ्यांनाच आठवलं की आपल्याला वाटतच होतं. वेळतज्ज्ञाने दाखवून दिलं, की मुखतज्ज्ञ शुक्रवार-शनिवार गप्प होते, म्हणजे सौदा तेव्हाच झाला. कुणीतरी त्यांचा स्वतःचा फोटो शोधून काढला, मेहुणीच्या लग्नातला. त्यात ते हसत होते. पतनतज्ज्ञांनी त्या हसण्याचा अभ्यास करून मत दिलं, की हे हसू दातांत आहे, ओठांच्या कोपऱ्यात नाही. वाक्य यांचंच होतं, आणि आता ते फिरून यांच्याच तोंडावर बसलं होतं. दुपारच्या जेवणाआधी हेडबाईंनी बिरुद काढून घेतलं आणि त्यांना ग्रुपबाहेर घालवलं.

सोमवारी ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. पेशंट बसतात त्या बाकावर बसले, पेशंटसारखे. आत गेल्यावर एका दमात सगळं सांगितलं.

"पेशंट कोण ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या.

"सांगू नका. मला माहीत आहे. माझा दात आहे तो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ट्रायल टाळायला मी हो म्हणायला नको होतं," त्या हळूच म्हणाल्या, आणि आरोपीच्या वकिलांना फोन लावला.

वकील तासाभरात स्वतः आले. थकलेला, टक्कल पडलेला माणूस. साचा आणि कार्ड त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून मी त्याला सांगतोय, की बाबा रे, हसू नकोस. तो म्हणतो, साहेब, मी हसत नाहीये, तोंड मिटत नाही. मी चिडलो त्याच्यावर. म्हटलं, मला तरी खोटं सांगू नकोस." त्यांनी साचा टेबलावर ठेवला. "आता न्यायाधीशांपुढे अर्ज करावा लागेल. तुम्हाला उभं राहावं लागेल."

"अर्जात लिहून दिलं तर नाही का चालणार?"

"नाही चालणार."

बुधवारी दातवाले साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. धुतलेला शर्ट घातला होता, खिशावर डाग होताच. समोर न्यायाधीशबाई. डावीकडे आरोपी, तोंडावर हात. उजवीकडे पहिल्या रांगेत मयताची बहीण, बारीक चणीची, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. मागच्या बाकांवर ग्रुपचे पाच-सहा जण. वेळतज्ज्ञाच्या हातात घड्याळ होतं.

"आपण दंतवैद्य आहात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही. मी कवळ्या बनवतो."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पहिल्या रांगेतून मात्र काही आवाज आला नाही.

"आरोपीची ही कवळी आपण बनवलीत. त्यात काय दोष आहे?"

"पुढचे दात चार मिलिमीटर खाली उतरलेत. त्यामुळे ओठ मिटत नाहीत. माणूस हसतोय असं दिसतं. ते हसत नाहीयेत."

सरकारी वकील उठून म्हणाले, की एवढा अनुभवी कारागीर इतकी मोठी चूक करतो, हे पटायला जड आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या, आपल्यालाही तोच प्रश्न पडला आहे.

"ही चूक कशी झाली?"

"लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठे होतं?"

 दातवाल्यांनी नजर चुकवायला जागा शोधावी तर डावीकडे आरोपी, उजवीकडे बहीण, मागे ग्रुप, समोर कायदा. लहानपणी बाकावर उभं केलं तेव्हाही इतकं चहूबाजूंनी उभं केलं नव्हतं.

"मी फोनवर लिहीत होतो."

"काय लिहीत होतात?"

"यांच्याविरुद्ध लिहीत होतो," दातवाले म्हणाले आणि त्यांनी आरोपीकडे बोट नाही दाखवलं, नुसती मान वळवली. "माप यांचंच आहे हे मला माहीत नव्हतं. ह्यांना पश्चात्ताप नाही, दयामाया दाखवू नये, असं लिहीत होतो. एक ओळ लिहायचो आणि एक दात बसवायचो."

कोर्टात इतकी शांतता पसरली की वेळतज्ज्ञाच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि त्याने ते ओशाळून खिशात घातलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मंगळवारी आपण या माणसाला काय समज दिली होती ते बहुधा त्यांना आठवलं असावं, कारण त्या काही वेळ आरोपीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी अर्ज मंजूर केला. दोन दिवसांत कवळी दुरुस्त व्हावी, आणि ट्रायल घेतल्याशिवाय पक्की होऊ नये, असंही त्यांनी हुकमात लिहवून घेतलं.

या वेळी दातवाल्यांनी फोन बायकोकडे दिला, तिने तो पोस्टाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांनी पुढचे सहाही दात काढले आणि नवे बसवले. रेघ तीनदा मोजली. गुरुवारी मेणावर ट्रायल झाली ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, दाराशी दोन पोलीस. शुक्रवारी कोर्टाच्या मागच्या लहानशा खोलीत बाईंनी पक्की कवळी घातली. बाईंनी दातवाल्यांना आत बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपले दात कुणाच्या तोंडात जाताना पाहिले.

त्या माणसाने वरचा ओठ हळूहळू खाली आणला. खालच्या ओठाला टेकवला. मग बोट लावून चाचपून बघितलं, खरंच टेकलाय की नाही.

"मिटलं," तो म्हणाला.

दातवाल्यांनी खूप काही बोलायचं ठरवून आणलं होतं. त्यातलं त्यांना एवढंच बोलता आलं, "माझं चुकलं हो." त्या माणसाने ऐकलं. चालेल असं म्हणाला नाही, आणि नाही चालणार असंही म्हणाला नाही. त्याने पुन्हा एकदा ओठ उघडून मिटले. पोलीस म्हणाले, चला.

दातवाले बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. बायकोने फोन परत आणून दिला होता. ग्रुपवर त्यांना प्रवेश नव्हता, पण तिथलं लिहिणं कुणीही वाचू शकत असे. आरोपी कोर्टात शिरतानाचा ताजा फोटो आला होता. तोंड मिटलेलं, साधा चेहरा, रांगेत आपल्यापुढे उभा असतो तसला कुठलाही. खाली पतनतज्ज्ञांनी लिहिलं होतं, "हसू कुठे गेलं? आता बघा, भीती बोलते आहे." दोन हजार अंगठे. हेडबाईंनी विचारलं होतं, मिटलेल्या तोंडाचा अर्थ सांगू शकेल असं कुणी आपल्यात आहे का.

कुणीतरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं. मयताची बहीण. पिशवी मांडीवर तशीच घट्ट धरलेली. दातवाले उठू लागले.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. 

"मी तुम्हाला जे लिहून पाठवलं," दातवाले म्हणाले, "म्हणजे मी जे लिहिलं, ते वाचून तुम्ही... ते सगळं खोटं होतं, ताई. मला काही माहीत नव्हतं. मला नुसतं लिहायचं होतं."

"तो हसत होता तोवर सोपं होतं," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून त्याचा राग करायचा. दिवस जायचा. आज तो तोंड मिटून बसलाय, तर मला कळत नाही की कुठे बघू. आणि भाऊ पुन्हा दिसायला लागलाय. तेही सोसत नाही."

दातवाल्यांनी मान खाली घातली. ती त्यांच्याकडे वळली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिने त्यांना, खिशावरच्या डागासकट.

"तुम्ही त्याला एवढ्या जवळून पाहिलंत. अगदी तोंडात. खरं सांगा, त्याने केलं असेल का हो?"

हा प्रश्न अकरा हजार लोक आठ महिने एकमेकांना विचारत होते, आणि दातवाल्यांना त्याचं उत्तर द्यायला कधी दहा सेकंदांच्या वर लागले नव्हते. आज ते बसून राहिले. आतून शिपायाने साक्षीदाराला हाक मारली. ती हाक तिलाच होती. ती उठली, पण जागची हलली नाही, उत्तरासाठी थांबली.

"मला नाही माहीत, ताई," दातवाले म्हणाले. "मी फक्त दात बनवतो."

"बरं झालं, माहीत नाही असं कुणीतरी सांगितलं," ती म्हणाली आणि आत गेली.